श्रमदानाचा रस्ता आणि कंपनीचा टोलनाका

लिनक्स या संगणक-प्रणालीच्या जगात जवळजवळ रोज दुरुस्त्यांच्या याद्या प्रसिद्ध होत असतात. अमुक आज्ञावलीतील छिद्र बुजवले; तमुक सेवा यंत्र सुरू होताना अडून बसत असे, ती आता अडत नाही; नेटवर्कची तुटलेली जोडणी पुन्हा जुळण्यास लागणारा विलंब कमी केला; अशा कोरड्या ओळी त्यांत असतात. त्या वाचणारे थोडे आणि त्यांवर विचार करणारे त्याहून थोडे. परंतु जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक लिनक्सवर चालत आहेत, इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर त्यावर उभे आहेत आणि शेतमजुराच्या हातातील स्वस्त अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. अशा व्यवस्थेची रोजची डागडुजी कोण करतो, त्याचा मोबदला कोण देतो आणि त्या डागडुजीवर अखेर हक्क कोण सांगतो, हे प्रश्न तंत्रज्ञांपुरते राहू शकत नाहीत. जेथे श्रम आहेत तेथे श्रमाच्या फळाचा प्रश्न आहेच.

काही मित्र यावर नाक मुरडतील. संगणकापुढे बसणाऱ्या, इंग्रजी शिकलेल्या अभियंत्यांची काळजी आपण कशाला वाहायची, असे ते विचारतील. शेतकऱ्याच्या कर्जमाफीची यादी, निराधारांचे अनुदान, रोजगार हमीची मजुरी, शिधापत्रिकेवरचे धान्य हे सारे आज संगणकातून जाते, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते. ज्या यंत्रणेवर गरिबाची भाकरी अवलंबून आहे, ती यंत्रणा कोणाच्या मालकीची आणि कोणाच्या मेहेरबानीवर चालते, हे पाहणे आपले काम आहे.

सामाईक मालमत्ता कशी उभी राहिली

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली वापरणाऱ्याला ती कशी चालते हे पाहण्याचा, तीत बदल करण्याचा आणि ती दुसऱ्याला देण्याचा अधिकार असला पाहिजे, ही त्यामागील भूमिका. १९८९ मध्ये त्यांनी या भूमिकेला कायद्याचे रूप देणारा सार्वजनिक परवाना तयार केला. त्याची अट साधी होती: बदललेली आज्ञावली दुसऱ्याला द्याल, तर तिची मूळ संहिताही त्याच अटींवर द्यावी लागेल. मालकी राखण्यासाठी जन्मलेला कॉपीराइटचा कायदाच येथे सामाईकपणा राखण्यासाठी वापरला गेला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला. त्याभोवती शेकडो साधने उभी राहिली. दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्यासाठी १९९९ पासूनचे ओपनएसएसएच, नेटवर्कच्या जोडण्या सांभाळण्यासाठी २००४ पासूनचे नेटवर्कमॅनेजर, यंत्रातील सेवा सुरू-बंद करण्यासाठी २०१० पासूनचे सिस्टमडी ही त्यांतली काही. कोणी स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली आले, कोणी त्याहून सैल परवान्याखाली. पण संहिता सर्वांची उघडी.

आपल्या कार्यकर्त्यांना हे समजावून सांगण्यासाठी परकी उपमा लागत नाही. गावाने श्रमदान करून रस्ता बांधला, असे हे आहे. रस्ता सर्वांचा, त्यावरून बैलगाडीही जाईल आणि कारखानदाराचा ट्रकही जाईल. ट्रक जातो याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार पुढे सुरू होते. ट्रकांच्या ओझ्याने रस्ता खचू लागला तेव्हा खड्डे बुजवायला कोण आले, आणि रस्ता रहदारीचा झाल्यावर त्यावर टोलनाका कोणी बसवला?

खड्डे बुजवणारे हात

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एप्रिल २०१४ मध्ये जगाला मिळाले. इंटरनेटवरील गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएल या आज्ञावलीच्या भरवशावर चालतात, तीत 'हार्टब्लीड' नावाने ओळखला गेलेला दोष सापडला. दोन वर्षे तो जगभरच्या सर्व्हरमध्ये बसून होता आणि त्यातून गुप्त किल्ल्या व संकेतशब्द बाहेर काढता येत होते. मग चौकशी झाली तेव्हा कळले की, ज्यावर अब्जावधी डॉलरचा व्यापार चालतो त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. बड्या कंपन्यांनी तेव्हा घाईघाईने निधी उभारला. प्रत्येकीने वर्षाला किमान एक लाख डॉलर, तीन वर्षे, असे वचन दिले. घराला आग लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार होता.

दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, तोच धडा अधिक भयानक रूपात पुन्हा शिकावा लागला. एक्सझेड हे माहिती आकुंचित करणारे एक लहानसे साधन आहे. ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस, कोणत्याही वेतनाशिवाय, फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ साली काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला: काम संथ आहे, नव्याने कोणालातरी अधिकार द्या. त्याने शांतपणे उत्तर दिले होते की, हा आपला बिनपगारी छंद आहे. याच सुमारास जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने किंवा टोळीने मदतीचा हात पुढे केला, दोन-अडीच वर्षे चिकाटीने काम करून विश्वास संपादन केला आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला. ओपनएसएसएचचा एक्सझेडशी थेट संबंध नाही. पण काही लिनक्स-वितरकांनी ओपनएसएसएचला सिस्टमडीचे ठिगळ जोडले होते, सिस्टमडीचे ग्रंथालय एक्सझेडला बोलावत होते आणि या वळणावळणाच्या वाटेने चोर थेट सर्व्हरच्या मुख्य दरवाजापर्यंत पोहोचणार होता. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला म्हणून २९ मार्चला हा कट उघडकीस आला. चोरदरवाजा असलेली आवृत्ती तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांत पोहोचली होती, हे जगाचे नशीब.

या घटनेवरून मुक्त आज्ञावलीच असुरक्षित, असा निष्कर्ष काढणाऱ्यांचे पेव फुटले. वस्तुस्थिती उलट आहे. संहिता उघडी होती म्हणूनच एका माणसाला ती उकलून पाहता आली. चोर शिरला तो उघडेपणातून शिरला नाही. एका थकलेल्या माणसाला समाजाने एकटे सोडले होते, त्या एकटेपणातून शिरला. ज्याच्या खांद्यावर जगाचा भार आहे त्याला मदतनीस देण्याची ज्यांना ऐपत होती त्यांनी तो दिला नाही, म्हणून मदतनीस चोराने पुरवला.

त्यानंतरच्या दुरुस्त्या पाहा. सिस्टमडीच्या कार्यकर्त्यांनी अशी परावलंबने कमी करण्याचे काम आधीच हाती घेतले होते. जून २०२४ च्या २५६ व्या आवृत्तीत एक्सझेडसारखी ग्रंथालये गरज पडेल तेव्हाच बोलावली जातील अशी सोय आली. १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचची ९.८ ही आवृत्ती आली. तीत सिस्टमडीला निरोप देण्याची सोय अशी लिहिली की, त्यासाठी बाहेरच्या ग्रंथालयाची गरजच उरली नाही. त्याच आवृत्तीत आणखी एक मोठे भगदाड बुजवले गेले. त्याची कथा बोधप्रद आहे. हा दोष २००६ साली एकदा दुरुस्त झाला होता. २०२० मध्ये एका फेरफारात ती दुरुस्ती नकळत पुसली गेली आणि २०२४ मध्ये क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी दोष पुन्हा शोधून काढला. एकदा घातलेला बांध कायम टिकत नाही, दर पावसाळ्यानंतर त्यावर माती टाकावी लागते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. नवे यंत्र, नवी घोषणा, नवे उद्घाटन यांना भांडवल मिळते. माती टाकणाऱ्याला मिळत नाही.

टोलनाका

आता दुसरा प्रश्न. रेड हॅट ही १९९३ साली स्थापन झालेली कंपनी लिनक्सच्या सेवेवर मोठी झाली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती चौतीस अब्ज डॉलरला विकत घेतली. रेड हॅटच्या खुल्या संहितेतून स्वयंसेवकांनी २००४ पासून सेंटओएस ही विनामूल्य प्रणाली बांधली होती. विद्यापीठे, इस्पितळे, लहान कंपन्या ती वापरत. २०१४ साली रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. डिसेंबर २०२० मध्ये तिने जाहीर केले की, २०२९ पर्यंत चालणार होते ते सेंटओएस ८ हे २०२१ च्या अखेरीस बंद होईल. त्याच्या जागी जी आवृत्ती पुढे केली, तिच्यातून कंपनीच्या पुढील आवृत्तीची जडणघडण होते. जून २०२३ मध्ये पुढचे पाऊल पडले: मुख्य प्रणालीची संहिता यापुढे सार्वजनिक ठिकाणी ठेवली जाणार नाही, ती ग्राहकांनाच मिळेल, आणि ग्राहकाने ती पुढे वाटली तर कंपनी त्याच्याशी असलेला करार संपवू शकेल. परवान्याचे अक्षर पाळले. आत्म्याला मात्र दाराबाहेर उभे केले.

या व्यवहारातला सर्वांत मोठा धडा सार्वजनिक संस्थांसाठी आहे. अमेरिकेतील फर्मिलॅब ही सरकारी प्रयोगशाळा, युरोपातील सर्नच्या सहकार्याने, सायंटिफिक लिनक्स नावाची स्वतःची प्रणाली पंधरा वर्षे सांभाळत होती. एप्रिल २०१९ मध्ये फर्मिलॅबने जाहीर केले की, पुढची आवृत्ती आपण काढणार नाही. सेंटओएस ८ पुरेसे आहे. वीस महिन्यांत सेंटओएस ८ चा गळा आवळला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये या दोन्ही संस्थांना स्वयंसेवकांच्या नव्या अल्मालिनक्सचा आधार घ्यावा लागला. विश्वाच्या उत्पत्तीचा शोध घेणाऱ्या संस्थांनाही आपली चूल दुसऱ्याच्या लाकडावर पेटत होती हे लाकूड बंद झाल्यावरच कळले. जी संस्था दुरुस्तीचे कौशल्य हातातून जाऊ देते ती स्वातंत्र्यही जाऊ देते.

हीच चाल इतरत्रही दिसते. शेकडो सर्व्हर एका ठिकाणाहून मांडण्याचे टेराफॉर्म हे साधन घडवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये खुला परवाना काढून घेतला व व्यापारी बंधने असलेला लावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयबीएमने ही कंपनीही सहा अब्ज चाळीस कोटी डॉलरला आपल्या पोटात घेतली. पपेट हे सर्व्हर-व्यवस्थापनाचे २००५ पासूनचे साधन २०२२ मध्ये परफोर्स कंपनीकडे गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने सांगितले की, तयार बांधणी यापुढे खाजगी ठिकाणी राहील. क्रम प्रत्येक वेळी एकच आहे. आधी समाजाला आमंत्रण; मग समाजाने दोष शोधून, सुधारणा सुचवून वस्तू पक्की करणे; मग विक्री; मग कुंपण. गायराने अशीच गेली आहेत.

विरोधकांचे युक्तिवाद

कंपनीचा बचाव असा: नुसती संहिता उचलून तिची नक्कल करणारे कोणतीही भर घालत नाहीत, जुन्या आवृत्त्यांत दुरुस्त्या आणून बसवण्याचे कष्टाचे काम आमचे अभियंते करतात, त्यांच्या श्रमांचे रक्षण आम्ही करायला नको काय? श्रमाच्या नावाने भांडवल बोलू लागले की कान टवकारावेत. जूनमध्ये श्रमाची महती सांगणाऱ्या याच कंपनीने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जगभरातील सुमारे चार टक्के कर्मचारी कमी केले होते. मुख्यतः प्रशासकीय कामे कमी केली, असे सांगण्यात आले. पण फेडोरा या लोकसहभागाच्या प्रकल्पाचे कार्यक्रम-व्यवस्थापकाचे पदही त्यात गेले. पगारी अभियंत्याचे श्रम मोलाचे आहेतच. पुण्यातही रेड हॅटचे अभियंते काम करतात, आणि लिनक्सच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटवणारा लोहित हा टंक त्याच कंपनीतील श्रमांतून उभा राहिला, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. परंतु त्या अभियंत्याच्या श्रमावर कुंपण घातल्याने त्याची वेतनवाढ होत नाही, नोकरीही पक्की होत नाही. पक्का होतो तो भागधारकाचा लाभांश. शिवाय कंपनी जी वस्तू विकते तिच्यात तिने स्वतः लिहिलेला वाटा किती आणि एक्सझेडच्या त्या एकट्या राखणदारासारख्या हजारोंचा किती, याचा हिशेब ती कधी मांडत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की, लिनक्सच्या गाभ्याचे बहुसंख्य काम आज कंपन्यांचे पगारी अभियंतेच करतात. मग फुकट राबण्याची ओरड कशाला? गाभ्यापुरते हे खरे आहे. पण कंपनी पगार देते तो तिच्या यंत्राला, तिच्या ग्राहकाला लागणाऱ्या सुधारणेसाठी. पायातल्या ज्या दगडावर कोणाचे नाव कोरता येत नाही, त्या दगडाकडे तिचे लक्ष जात नाही. आणि गाभ्यातही राखणदारांची दमछाक लपलेली नाही. दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या सहा वर्षे सांभाळण्याऐवजी यापुढे दोनच वर्षे सांभाळल्या जातील, असे सप्टेंबर २०२३ मध्ये सांगण्यात आले, तेव्हा हा ताणही चर्चेत होता.

तिसरा युक्तिवाद आपल्याच बाजूच्या भाबड्या मित्रांचा. परवाना खुला आहे, तेव्हा कोणी कुंपण घातलेच तर वेगळी चूल मांडता येते, असे ते म्हणतात. मांडता येते, आणि मांडली गेलीही: सेंटओएसनंतर रॉकी आणि अल्मा, टेराफॉर्मनंतर ओपनटोफू, पपेटनंतर ओपनव्हॉक्स. हा हक्क अमोल आहे. मालकीच्या आज्ञावलीत तो कधीच मिळाला नसता. पण वेगळ्या चुलीलाही रोज सरपण लागते. परवाना हा सातबारा आहे. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणून शेत आपोआप पिकत नाही. कूळकायद्याने जमीन मिळालेल्या कुळाला बियाणे, पाणी आणि पत मिळाली नाही तेव्हा काय झाले, हे या महाराष्ट्राने पाहिले आहे.

सरकारे काय करू शकतात

भारत सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. त्याच्या नावातच 'स्वीकार' आहे. स्वीकारणारा घेतो, देणार काय, हा प्रश्न पुढे यायला हवा. केरळने २००१ पासून शालेय संगणक-शिक्षणाचा कार्यक्रम उभा केला, तो मुक्त आज्ञावलीकडे नेला, शिक्षकांना त्यात तयार केले आणि शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती सांभाळली. फुकट मिळते म्हणून वापरणे आणि आपले समजून सांभाळणे यांतला फरक तेथे दिसतो. आपल्याकडच्या कार्यालयांत मात्र परवाना-शुल्क वाचले, एवढ्यावर समाधान मानण्याची वृत्ती बळावते. वाचलेल्या पैशातला एकही रुपया खड्डे बुजवणाऱ्याकडे गेला नाही, तर श्रमदानाच्या रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकवाल्यात आणि सरकारात फरक काय राहिला?

दुसरी वाट आहे. जर्मनीच्या संघराज्य सरकारने २०२२ मध्ये सार्वजनिक पैशातून एक निधी उभारला. त्यातून कर्ल, वायरगार्ड यांसारख्या पायाभूत साधनांना पैसे मिळाले. सिस्टमडीला २०२३ मध्ये ४ लाख ५५ हजार युरो मिळाले. सरकारने त्या बदल्यात मालकी मागितली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय सायबर-सुरक्षा कायद्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील; त्यांत सुरक्षिततेची जबाबदारी वस्तू बाजारात विकणाऱ्यावर आहे, बिनपगारी राखणदारावर नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये झेरोधा या शेअर-दलाली कंपनीने मुक्त आज्ञावलीसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. हे स्तुत्य आहे. पण सार्वजनिक रस्त्याची डागडुजी एखाद्या सावकाराच्या औदार्यावर सोपवणे लोकशाहीला शोभत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मुक्त आज्ञावलीवर उभ्या असलेल्या प्रत्येक सरकारी कंत्राटातील ठराविक वाटा त्या आज्ञावलीच्या मूळ राखणदारांसाठी राखून ठेवावा. सार्वजनिक पैशातून झालेली प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत द्यावी. ती कंत्राटदाराच्या कपाटात बंद राहता कामा नये. विद्यापीठांनी अशा दुरुस्तीच्या कामाला अभ्यासाचा व संशोधनाचा दर्जा द्यावा, आणि शासकीय संगणक-केंद्रांनी फर्मिलॅबची चूक न करता दुरुस्तीचे कौशल्य स्वतःजवळ राखावे. माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात एक कलम घालावे: ज्या सामाईक साधनांवर कंपनी नफा कमावते, त्यांच्या डागडुजीसाठी कर्मचाऱ्याला पगारी वेळ मिळाला पाहिजे, आणि त्या वेळात केलेले काम सर्वांचे राहिले पाहिजे.

यांपैकी एकाही मागणीसाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या मागणीसाठी निविदेतील एक अट पुरेशी आहे, दुसरीसाठी एक शासन-निर्णय, शेवटचीसाठी एक ठाम संघटना. आपल्या जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या संगणकावर कोणती प्रणाली चालते, तिच्या दुरुस्त्या कोठून येतात आणि त्यासाठी आपण काय देतो, हे तीन प्रश्न आपल्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने येत्या अंदाजपत्रकी सभेत विचारावेत. उत्तर मिळणार नाही, आणि तेथूनच कामाला सुरुवात होईल.